मासोळ्यांचे पाणी

तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले की उठणाऱ्या वाफेत मला अजूनही कधीकधी तळ्याचा वास येतो, आणि लहानपणचा, गडचिरोलीच्या जंगलातला तो घाट समोर उभा राहतो.

तापाने फणफणलेल्या धाकट्या भावाला घेऊन आई आणि मी चांद्याच्या दवाखान्यात निघालो होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. ऐन उन्हाळ्यात, अर्ध्या चढणीवर प्रवासी मोटारीचे इंजिन उकळू लागले. ड्रायव्हरची पाण्याची कापडी छागल रिकामी होती आणि ओढ्यात नुसती वाळू.

आमच्या शेजारी मासे धरणाऱ्या ढिवरांची एक बाई बसली होती. बाळंत लेकीसाठी ती हंडीभर पाण्यात जिवंत मासोळ्या नेत होती. तिने उठून ड्रायव्हरपुढे हंडी धरली. "घे भाऊ, हे टाक."

"मासोळ्या मरतील ना, बाई."

"मंग? लेकीच्या घरी पोसाले नेऊन राह्यली का मी त्यायले? या पोराचं अंग पाह्य, तुह्या इंजनापेक्षा जास्त तापलं."

इंजिन जरा निवल्यावर तिने पदराची गाळणी केली आणि पाणी हळूहळू आत सोडले. वाफेतून तळ्याचा हिरवा, शेवाळी वास दरवळला. पदरात मासोळ्या चमकल्या, तडफडल्या आणि निश्चल झाल्या. त्या उन्हात लेकीच्या गावापर्यंत त्या टिकणार नव्हत्या. मोटार मात्र चढली, आणि भाऊ वाचला.

तेव्हा मी फक्त मासोळ्या पाहत राहिले. आज ती बाई दिसते. रिकामी हंडी तिने चांद्यापर्यंत मांडीवर धरली होती, पाणी हिंदकळू नये अशा जपणुकीने.