आखाजीच्या शिव्या

नोकरीतल्या पुष्कळ हकीगती मी विसरलो, आणि विसरलो तेच बरे झाले. ही मात्र आठवली की अजूनही समाधान वाटते. इंग्रजी अमदानी होती. मी देशावरचा माणूस, जळगावहून बदली होऊन धरणगावकडच्या एका ठाण्यावर फौजदार म्हणून आलो होतो. गिरणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे माझ्या हद्दीत होती. नावे सांगत नाही. त्या गावांत आता सगळे सुखाने नांदत आहेत.

उन्हाळ्यात गिरणेच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावतात. त्या साली पुराने पात्र सरकले आणि अलीकडच्या गावची वाळू पलीकडे गेली. वाळू कोणाची यावरून हिवाळ्यात मारामारी झाली. डोकी फुटली, पलीकडच्या एका तरुणाचा डोळा गेला. कोणाच्या दगडाने गेला हे कोर्टातही ठरले नाही. आम्ही काठ्या जप्त केल्या, दोन्हीकडच्या म्होरक्यांकडून मुचलके लिहून घेतले, काही आठवडे बंदोबस्त ठेवला आणि शांतता आहे असा अहवाल वर पाठवून बंदोबस्त उठवला.

आता एक गोष्ट सांगतो, ती कायद्याच्या पुस्तकात नाही. मारामारीच्या दिवसांत सहसा कोणी जीव देत नाही. तेव्हा सगळा गाव एक असतो, भांडकुदळ भाऊबंदसुद्धा एका ताटात जेवतात. पोलीस निघून गेले, गाव गप्प झाला, की मग विहिरीच्या वर्द्या यायला लागतात. आधीच्या दोन ठाण्यांत मी हे पाहिले होते. जीव देणारा बहुधा दंगलीत नसतोच. ज्याची माणसे दोन्ही बाजूंना असतात, तो मधल्यामध्ये भरडला जातो.

आखाजी तोंडावर आली होती. अक्षय्यतृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि लेकीबाळींना तिच्यापुढे दिवाळीही फिकी. अशा एका सकाळी अलीकडच्या गावचा एक शेतकरी पंधरा-वीस माणसे घेऊन ठाण्यात आला. डोळे लाल झाले होते.

"साहेब, त्यास्नी मन्ही बहीनले विहीरमा ढकली दिन्ही," तो म्हणाला. बहीण पलीकडच्या गावात दिलेली होती. आणि ज्याचा डोळा गेला तो तिचा धाकटा दीर.

बाई जिवंत होती. मोटेवरच्या माणसांनी वेळेवर उड्या घातल्या म्हणून वाचली होती. मी फिर्याद लिहून घेतली आणि त्या पंधरा-वीस जणांना ठाण्याच्या आवारातच गूळ-पाणी देऊन बसवून ठेवले. ते मोकळे सुटले असते तर दुपारपर्यंत नदीत पुन्हा काठ्या वाजल्या असत्या.

पलीकडे जाऊन पंचनामा केला, जबाब घेतले. नवरा मान खाली घालून बसला होता. तो लबाड वाटला नाही, नुसता खचलेला वाटला. सासूला विचारले, "अक्का, खरे सांगा. सुनेला मारत होतात का?"

"आम्ही तिले कधी हात लावा नही, साहेब," ती म्हणाली. "नुस्तं बोलनूत नही."

मारामारीनंतर गावाने ठरवले होते, त्या काठाशी अबोला. पाणी नाही, विस्तव नाही, शब्द नाही. आणि सून तर त्याच काठची. ती भाकरी थापायची, घरातले खायचे आणि ताट सरकवून उठायचे. कोणी टाकून बोललेसुद्धा नाही. मारझोडीची फिर्याद तरी होते, अबोल्याला कोणते कलम लावणार?

परत येऊन मी भावाला समोर बसवले. फिर्यादीची उलटतपासणी केलेली लोकांना आवडत नाही, पण मला ती सवय होती. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर म्हटले, "आखाजीला मुराळी म्हणून तिला आणायला कोण जाणार होते?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गावनी मनाई शे साहेब. मी तिले सांगाडं, या साल कोनी येवाव नही."

बरोबरची माणसे एकेक करून जमिनीकडे पाहू लागली. गुन्हा तिथेच उलगडला. ढकलले होते खरे, पण दोन्ही काठांनी मिळून.

दवाखान्यात बाई भिंतीला टेकून बसली होती. वय विशीच्या आसपास. मी विचारले, "ताई, कोणी ढकलले?"

"कोनीच नही," ती म्हणाली. "आठे कोनी बोलस नही, तठून कोनी बलावस नही. मंग मी कोन्ही शे?"

मी पोलिसात पुष्कळ जबाब लिहिले. 'मी कोणाची?' हे लिहिताना टाक थांबला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न हाही गुन्हा होता. कागद मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे ठेवले. ते समंजस होते, त्यांनी समज देऊन सोडले. आता प्रश्न होता तो तिला कोणाच्या ताब्यात द्यायचा. दोन्हीकडचे दारात उभे होते, पण त्यांना ती नको होती, खटला हवा होता. ही पुन्हा विहिरीकडे जाणार नाही याची हमी त्यांतला एकही देऊ शकत नव्हता. मी तिलाच विचारले.

"माले आखाजीले माहेर जाऊ द्या," ती म्हणाली. "मन्ही सासूले गाया देवाना शेतस."

मी चमकलो. हवालदार स्थानिक होता, त्याने हसत उलगडा केला. आखाजीला दोन्ही गावच्या बाया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, खडे फेकतात. त्या दिवसापुरते सगळे माफ. पलीकडे दिलेली लेक माहेरच्या काठावरून सासरला मनसोक्त शिव्या देते आणि हलकी होऊन नांदायला जाते. गंमत अशी की याच शिव्यांवर यंदा बंदी घाला, असा दोन्ही पाटलांचा अर्ज माझ्याकडे आला होता. खऱ्या काठ्या चालल्या तेव्हा अर्ज करायला कोणी आले नव्हते. मी दोन्ही पाटलांना बोलावले.

"आबा, बंदी आहे," मी म्हटले, "पण पुरुषांना. एकही मिशीवाला काठावर दिसला तर मुचलका जप्त. आणि मुराळी जाईल. शिपाई बरोबर येणार नाही."

तोवर बाई दवाखान्यातच होती, पण रीत म्हणून भाऊ तिला मागायला सासरी गेला. पलीकडे दारात तोच दीर उभा होता, एक डोळा मिटलेला. त्याने भावाला पाहिले. मग दीर आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. हे मला भावाने सांगितले, सांगताना तो रडला.

आखाजीला मी लांब बाभळीखाली घोडा बांधून बसलो. दोन्ही काठांवर बाया जमल्या, पण तोंड कोणी उघडेना. शेवटी ही पुढे आली, पदर खोचला आणि सासूच्या नावाने ओरडली, "इतला दिन तोंडले कुलूप लाई बठनी व्हती, चावी नदीमा पडनी का व?"

पलीकडे म्हातारी ताठ उभी राहिली. मग तिचा आवाज आला, खणखणीत. "चावी तुन्हाच जोडे शे, भवाने. लिसन पाछी ये."

चावी घेऊन परत ये म्हणाली म्हातारी, आणि दोन्ही काठ फुटले. अशी शिवीगाळ मी जन्मात ऐकली नव्हती. पुरावा म्हणून लिहायला गेलो असतो तर कागदाला भोके पडली असती. मी पोट धरून हसत होतो आणि मध्येच डोळे पुसत होतो.

त्यानंतर जिथे बदली झाली तिथे दंगल मिटल्यावर मी पहिला प्रश्न विचारत असे, या गावच्या कोणत्या लेकी त्या गावात नांदतात? लोक म्हणत, फौजदार सोयरीक जुळवायला आला आहे. म्हणू देत. काठ्या जप्त केल्या की अर्धेच काम होते. अबोला मोडला की उरलेले होते, आणि माणूस त्या उरलेल्या अर्ध्यातच मरतो, हे मला या प्रकरणाने शिकवले.

पुढच्या हिवाळ्यात त्या गावावरून गस्तीला चाललो होतो. सासू अंगणात कपाशी निवडत होती. मी घोडा थांबवून विचारले, "अक्का, सून कशी आहे?"

"काय सांगू साहेब," म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "रोज भांडस."

मी निर्धास्त होऊन घोड्याला टाच मारली.