हिराबाईंना रविवारी पेज कोणी भरवली?

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, वडाखाली सुटलेला मोगऱ्याचा वास... मी पेशाने नर्स आहे. माणसं मरताना पाहिलीत, मेल्यावर त्यांची तोंडं पुसलीत आणि त्याच हातांनी थोड्या वेळाने डबाही खाल्लाय. त्यांच्यातलं कुणी परत येऊन माझ्या मानगुटीवर बसलं नाही. बसलं असतं तर त्यालाही कामाला लावलं असतं, इतकी आमच्याकडे माणसं कमी. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी सांगतेय त्यात भूत नाहीच. त्यात मीच आहे आणि तोच सगळा घोळ आहे.

आमचं घर वरसे गावात, रोह्याला लागून. बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे. बारावीला मला मार्क असे पडले की डॉक्टर होणार नाही हे नक्की झालं, आणि अगदीच काही होणार नाही असंही म्हणता येईना. मग सुरू झाले सल्ले. मामा म्हणे लॅब टेक्निशियन हो. बाबा म्हणे फार्मसी कर. आई म्हणे, "काय करायचं ते कर, पण बसून करायचं कर." कॉलेजात एक सर मार्गदर्शनाला आले होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं — सेवाभाव, संयम, सचोटी, त्याग. आरोग्यक्षेत्रात यायचं तर हे गुण हवेतच म्हणे. मी मनात म्हटलं, हे सगळं ज्याच्यात आहे तो नोकरी कशाला शोधेल, लोक त्याचं देऊळ बांधतील! माझा स्वभाव तेव्हापासूनच असा. तिरका.

शेवटी बाबांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरबाईंनी सुचवलं. त्यांचं पेणला, रामवाडीच्या अलीकडे लहानसं हॉस्पिटल होतं. "उन्हाळाभर ये," त्या म्हणाल्या. "लॅबमध्ये बस, औषधांच्या काउंटरवर उभी राहा, वॉर्डात फिर. मार्कांचं नंतर बघू. तुला काय झेपतं ते आधी बघ."

म्हणून मी रोज सकाळी रोह्याहून एसटीने पेणला जायला लागले. लॅब मला आवडली, रक्ताच्या नळ्या तोंड वर करून बोलत नाहीत. काउंटरही बरा होता. मग वॉर्डात आले आणि पायांचे तुकडे पडायला लागले. वॉर्ड जयश्री सिस्टरच्या ताब्यात होता. बाई आवाजाने कडक, चालायची मात्र मांजरीसारखी. तिने पहिल्याच दिवशी मला हिराबाईंच्या खाटेपाशी उभं केलं.

हिराबाई खाडीकडच्या गावातल्या. सगळा जन्म मिठागरात गेलेला, हातापायांची कातडी जाड आणि पांढुरकी. लकव्याचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. बोलणं जड पण समजायचं. खरी भीती गिळण्याची होती. नाकातली नळी नुकतीच काढली होती आणि आता तोंडाने पेज द्यायची होती. उशा लावून बसवायचं, हनुवटी खाली करायची, चमचाभर पेज द्यायची, ती गिळली याची खात्री झाली की मगच दुसरा चमचा. आडवं ठेवून भरवलं किंवा घाई केली तर पेज श्वासनळीत जाते. मग माणूस तिथेच गुदमरतो, नाहीतर पुढे न्यूमोनिया होऊन हाती लागत नाही. सिस्टरने हे मला तीन-तीनदा बजावलं होतं.

मुलगा-सून काम उरकून संध्याकाळी यायचे. दुपारची पेज माझ्याकडे. एक वाटी संपायला इतका वेळ लागायचा की मी दर दोन चमच्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघायचे. ते हिराबाईंच्या नजरेतून सुटायचं नाही.

"सावकाश दे गो," त्या म्हणायच्या. "मीठ काय घाईत पिकतं? उन्हाला हाका मारून भागतं काय?"

"नाही हो आजी."

"मग घड्याळात काय बघतंस?"

मला परतीची एसटी दिसत असायची.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात निघालं तरी. वॉर्डात सिस्टरचा कायदा वेगळा होता. बरा होऊन घरी निघालेल्या पेशंटने 'येतो' म्हणायचं नाही. म्हटलंच तर ती त्याला दारातून मागे बोलवायची आणि 'जातो' म्हणायला लावायची. आणि आम्हा मुलींना तिची ताकीद होती — "खाटेवरच्या माणसाला 'येते' म्हणालात तर यायचं. त्याला दुसरा उद्योग नसतो. ते वाटच बघत बसतं."

त्या शनिवारी मी फार दमले होते. पाठ धरलेली, डोकं ठणकत होतं, बाहेर उन्हाचा रखरखाट. हिराबाईंचं तोंड पुसलं, पर्स उचलली आणि रोजच्यासारखं बोलून गेले, "येते हां आजी, उद्या."

"ये गो. तू आल्याबिगर मी खायाची नाय."

वडखळ मागे पडल्यावर लक्षात आलं, उद्या रविवार, माझी सुट्टी. बोलायला गेले काय नि बोलून बसले काय! म्हटलं जाऊ दे, रविवारी बदली मावशी असते, ती भरवेल. आणि घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच बाबांना सांगून टाकलं, "फार्मसीच घेते. औषधं कुणाची वाट तरी बघत नाहीत." बाबा खूश झाले. मला वाटलं सुटले. पण जेवण गेलं नाही. "खायाची नाय" हे डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी उठले ती चिडूनच. पांढरे ड्रेस बादलीत भिजलेले. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला पिवळा ड्रेस तेवढा इस्त्रीचा होता, तोच चढवला.

"दवाखान्यात निघालीस की वरातीत?" आई म्हणाली. "सुट्टी आहे ना? झोप की जरा."

"येते म्हणाले तिला," मी म्हटलं. आईने डबा हातात दिला.

एसटीत शेजारच्या रुखसानाचाची भेटल्या. त्यांचे यजमान कुवेतला, त्या पेणला बहिणीकडे निघाल्या होत्या. नागोठणं सोडलं आणि थोड्याच वेळात गाडी थांबली. पुढे ट्रेलर आडवा झाला होता. हायवेवरचा जाम ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. इंजिन बंद, पत्रा तापलेला, बाहेर काकडीवाले खिडक्यांखालून फिरतायत. दुपारच्या पेजेची वेळ जवळ आली तरी गाडी जागची हलेना. मी चाचींना सगळं सांगितलं. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "अगो, नीयत पोचली ना, बस झाला. डोळे मीट जरा."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मला झोप लागली. मुद्दाम सांगते, स्वप्न पडलं नाही. काळोख, बाकी काही नाही. चाचींनी हलवून उठवलं तेव्हा त्या माझ्याकडे जरा विचित्र बघत होत्या.

"काय पुटपुटत होतीस गो? 'हळू... गिळा... आता दुसरा'... आणि हात असा धरलेलास." त्यांनी उजव्या हाताची चिमूट करून दाखवली, चमचा धरावा तशी. मी ओशाळून हसले.

ट्रेलर काही हटला नाही. शेवटी लोक उतरून पलीकडच्या परतीच्या गाड्यांत बसले, तशा आम्हीही बसलो आणि वरशाला परत आलो. हॉस्पिटलचा फोन लावला तर कुणी उचलला नाही. रविवारी काउंटरवर कुणी नसायचंच.

सोमवारी वॉर्डात शिरले तर हिराबाईंची खाट रिकामी. चादर नवी, घडी मोडलेली नाही. वॉर्डात नवीन असलं तरी त्याचा अर्थ कळतो. मी तिथेच लोखंडी दांड्याला धरून उभी राहिले.

"काय गं, काल एप्रन कुठे होता?" मागून जयश्री सिस्टर. "आणि न सांगता कशी गेलीस? मी चहा मागवला होता तुझ्यासाठी."

"हिराबाई..."

"त्या काय, खिडकीपाशी खुर्चीत बसवल्यात."

खरंच बसल्या होत्या. केस विंचरलेले, तोंडावर ऊन. मी रिकाम्या खाटेवर बसले. मग सिस्टर जे म्हणाली ते असं. बदली मावशीने हिराबाईंना उशा न लावताच भरवायला घेतलं. त्या नको नको म्हणत होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. मावशी घाबरून मागे सरली. "तेवढ्यात तू आलीस. 'सिस्टर!' म्हणून ओरडलीस ते मी पार ड्रेसिंगरूममध्ये ऐकलं. मी पोचेपर्यंत तू त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या देऊन मोकळं केलं होतंस. मग बसून अख्खी वाटी भरवलीस. मी डॉक्टरबाईंना म्हटलंसुद्धा, या पोरीला सोडू नका."

"सिस्टर, मी काल आले नव्हते."

ती हसली. "बरं. मग तो पिवळा ड्रेस घालून कोण आलं होतं, तुझी जुळी बहीण?"

तो ड्रेस मी त्याआधी एकदाही अंगावर चढवला नव्हता. पेणमधल्या कुणाला त्याचा रंग माहीत असायचं कारण नव्हतं. मी तिला ट्रेलरचं सांगितलं, चाचींचं सांगितलं. तिचं हसू हळूहळू उतरलं. बदली मावशी अजून वॉर्डातच होती, तिला विचारलं, ती म्हणाली, "हीच. रोह्याची." वॉर्डात तेव्हा कॅमेरे नव्हते, नाहीतर आधी तेच बघितलं असतं.

मी हिराबाईंकडे गेले. खाली बसून त्यांचा उजवा, धड हात हातात घेतला.

"आजी, काल कोण आलं होतं?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. घाई नव्हतीच त्यांना कधी.

"तूच," त्या म्हणाल्या. मग माझ्या मनगटाकडे बघून, "पण कालची तू बरी व्हतीस गो. घड्याळात नाय बघितलंस."

मला खूप लागलं ते. त्या दुपारी मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि पेज भरवली. एसटी चुकली, पुढची पकडली. घरी जाऊन बाबांना म्हटलं, फार्मसी राहू दे. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

नर्सिंगच्या मुलाखतीत अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "तुमच्यातला एक चांगला गुण सांगा." मी 'संयम' पाठ करून गेले होते. तोंडातून निघालं, "मॅडम, गुण माझ्यात आहे की नाही माहीत नाही. पण तो असलेली एक मुलगी मला माहितीय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. प्रवेश मिळाला, कसा ते त्यांनाच ठाऊक.

हिराबाई सुनेचा हात धरून, पाय ओढत का होईना, चालत घरी गेल्या. दारात सिस्टर उभी होतीच. हिराबाई मला म्हणाल्या, "जाते गो." आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, कुणीच नव्हतं तिकडे बघून म्हणाल्या, "येते." सिस्टरने त्यांना मागे बोलावलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी डॉक्टरांना विचारलंय, वाचलंय. थकवा, भास, मावशीचा आणि सिस्टरचा एकाच वेळी झालेला गैरसमज, सगळं ऐकून घेतलंय. ड्रेसच्या रंगाचं उत्तर कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. भूत असतं तर बरं झालं असतं, त्याला घाबरून मोकळी झाले असते. माझ्यापेक्षा चांगली अशी मीच कुठेतरी वावरतेय, याचं काय करायचं असतं? मी अजूनही चिडते. पाठ अजूनही धरते. पुस्तकातले गुण अजूनही माझ्यात सगळे आलेले नाहीत आणि आता या वयात येतील असं वाटत नाही.

आज ड्युटी संपवून निघताना खिडकीजवळच्या खाटेवरच्या काकांना सवयीने 'येते' म्हणून बसलेय. त्यांना लकवा झालाय, पेज चमच्याने द्यावी लागते. उद्या माझी सुट्टी आहे. पाय सुजलेत, तीन ड्युट्या लागोपाठ झाल्यात, उद्या दिवसभर झोपायचं ठरवलं होतं.

जाईन मी. कारण मी नाही गेले, तर कोण जाईल ते मला माहीत नाही.