नऊशे चाळीस मीटर

मला नियम वाचायला आवडतात. एसटीच्या तिकिटावरचा बारीक मजकूर, खताच्या गोणीवरच्या सूचना, औषधाच्या खोक्यातला सतरा घड्यांचा कागद, सगळं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. लग्न होऊन आले त्या वर्षी भावकीतल्या एका पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापलेलं होतं. मी खरंच रिकाम्या हातानं गेले. ते सासरची माणसं अजून विसरलेली नाहीत.

त्यामुळं आमच्या वस्तीवरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष व्हायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडंच बोट केलं. समितीत निम्म्या बायका हव्यात आणि अध्यक्ष पालकांमधूनच हवा, असा कायदा. बाकीच्या बायकांना कांदा लावायचा होता. मला बारावीपर्यंत शिकल्याचा आणि जास्त बोलण्याचा असा दुहेरी दंड झाला. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडुलिंब आणि एक सर. पहिली ते चौथी मिळून नऊ पोरं. आमच्या भागात गावठाणापेक्षा मळ्यात राहणारी माणसंच जास्त. गावात मोठी शाळा, आणि आमच्यासारख्या वस्त्यांवर या चिमुकल्या. सरांनी माझ्या हातात नियमांची पुस्तिका ठेवली आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मी म्हटलं, आधी वाचते, मग सही. सर दोन दिवस थांबले.

पुस्तिकेत पहिलीच अडखळायची जागा मिळाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं लिहिलेलं. वाचून बरं वाटलं. मुंबईत बसून कुणीतरी माझ्या पोरीच्या पायांचा विचार केला होता. पण हे एक किलोमीटर मोजायचं कसं? कावळा उडतो तसं की माणूस चालतो तसं? ओढ्याला पाणी असताना की नसताना? वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर? सरांना विचारलं तर ते म्हणाले, नोकरीला अठरा वर्षं झाली, हे कुणी विचारलं नव्हतं. मी मोबाईलवर मूळ नियमही उतरवून घेतले. नणंदेची मुलगी नगरच्या कॉलेजात शिकते, ती सुट्टीला आली तेव्हा दोघींनी मिळून वाचले. तिच्याकडंही त्याच वर्षी सगळं बदललेलं, पदवी तीन वर्षांची की चार, विषय मुख्य कुठला आणि सोबतीचा कुठला, हे प्राध्यापकांनाही नीट सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, मामी, आमच्याकडं नियम आधी येतो आणि अर्थ नंतर. मला ते वाक्य फार पटलं.

मग माघात तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडायचा विचार चालू आहे, तरी समितीनं आपलं म्हणणं आणि दोन शाळांमधलं अंतर कळवावं. खाली अंतरासाठी टिंबटिंबांची एक ओळ. किलोमीटरच्या वर भरलं तर आमची शाळा राहणार, आत भरलं तर जाणार, सगळं त्या टिंबांवर ठरणार होतं.

आता वाटेबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीवरून गावात जायचा गाडीरस्ता ओढ्याला वळसा घालून जातो. पण सगळे जातात ते आमच्या शेतातून. ही वाट माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी दिलेली. वस्तीवर तेव्हा शाळाच नव्हती, आणि नणंद दुसरीत असताना ओढ्याकडच्या सुनसान रस्त्याला घाबरून शाळेत जायची बंद झाली. तेव्हा मामांनी स्वतःच्या शेताचं काट्याचं कुंपण दोन ठिकाणी तोडलं, मधल्या बांधाची माती ओढून चार फुटांची पट्टी सोडली आणि तिला म्हणाले, आता जा. तिच्या मागून इतरांच्या पोरीही निघाल्या. वस्तीवरची दहावी झालेली पहिली मुलगी म्हणजे माझी नणंद. सातबाऱ्यावर या वाटेची नोंद नाही, नकाशात नाही, कुणाची सही नाही. मामांनी दिली म्हणून आहे.

अंतर मी स्वतः मोजायचं ठरवलं. ठिबकच्या नळीचं बंडल घरात होतंच. बंडलावरच्या आकड्यावर न विसंबता मी टेप लावून बरोबर शंभर मीटरचा तुकडा कापला आणि लेकीला एका टोकाला उभं करून शाळेच्या दारापासून सुरुवात केली. गाडीरस्त्यानं गावातल्या शाळेच्या दारापर्यंत सतरा तुकडे आणि वर थोडं. दुसऱ्या दिवशी शेतातल्या वाटेनं मोजलं. नऊ तुकडे झाले, दहावा लावला आणि चाळीस मीटरवर शाळेचं दार आलं. साठ मीटर कमी पडले. लेक म्हणाली, पुन्हा मोजू. पुन्हा मोजलं. दार तिथंच होतं.

मी पत्रात सतराशे लिहिलं. खोटं लिहिलं नाही, असं स्वतःला समजावलं. पत्रात ‘अंतर’ विचारलंय, रस्ता गाडीचाच म्हणायचा, आणि कागदावर नसलेल्या वाटेला कागदावर मी कशाला आणू? नियम वाचणाऱ्या माणसाला पळवाटही लवकर सापडते, हे मला त्या दिवशी कळलं आणि आवडलं नाही. त्या शेताच्या वाटेचा आकडा लेक सोडून मी घरात की वस्तीवर कुणाला कळू दिला नाही. तिथंच चुकले.

शिक्षण कार्यालयातले साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. पाहणीच्या आदल्या दिवशी मी माहेरी श्रीरामपूरला गेले होते, आईचे डोळे दाखवायला. माझ्या मागं वस्तीवरच्या माणसांनी बैठक घेतली. शाळा वाचवायची तर साहेबाचा मान राखला पाहिजे, यावर एकमत झालं. साहेब ओढ्याच्या रस्त्यानं हेलकावे खात येणार, हे कुणाला बघवेना. पाहुणा असा यायचा का? मग दोन ट्रॅक्टर निघाले. मामांच्या वाटेवरचे खड्डे मुरूम टाकून भरले, वरून फळी मारली, दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं तोडली आणि गावाच्या टोकाला एक माणूस उभा केला, साहेबाला इकडून वळवायला.

सकाळच्या एसटीतून मी उतरले आणि बघते तर वाट लग्नघरासारखी सजलेली. करायला गेले गणपती, झाला मारुती. मी काही बोलायच्या आत साहेबांची मोटरसायकल त्याच वाटेनं आली आणि कडुलिंबाखाली थांबली. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. चहा झाला, पोरांनी कविता म्हटल्या, माझ्या लेकीनं पाढे म्हटले. साहेब खूष. मग माझ्या पत्रावरचा आकडा पाहून त्यांनी मोटरसायकलच्या मीटरकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “ताई, गावच्या शाळेपासून मी तर एक किलोमीटरही आलो नाही. हा रस्ता तुमच्या कागदात का नाही?”

मी चहाचे कप गोळा करायला लागले. माझ्या शेजारी ट्रॅक्टरवाले दोघं अभिमानानं उभे होते. आपण काय केलंय, हे अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवसांनी परत येतो, म्हणाला, तोवर समितीनं काय ते एकदा ठरवा.

त्या दिवशी दुपारी मी मामांकडं गेले. गहू निघालेला होता, तसंही नांगरायचंच होतं. मी म्हटलं, मामा, या खेपेला वाटही नांगरून टाका. साहेब परत येईपर्यंतच. नंतर पुन्हा सोडा. मामांनी हातातली बिडी पेटवलीच नाही. कायद्यात तसं हाय का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कायद्यात नसलेल्या वाटेला कायदा मोजणार नाही. त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नांगर चालवला. मी ओट्यावरून पाहत होते. ते घरी आल्यावर मला त्यांच्यासमोर ताट वाढताना मान वर करवली नाही.

सोमवारी गावच्या शाळेत जाणारी मोठी पोरं निघाली. पाचवी ते दहावीची दहा-बारा असतील. मला वाटलं होतं, ढेकळं बघून ती गाडीरस्त्याकडं वळतील. ती कुंपणाशी थांबली, आपापसात काहीतरी बोलली आणि एकामागं एक, बरोबर जुन्या वाटेच्या रेघेवर ढेकळं तुडवत पलीकडं गेली. संध्याकाळी तशीच परत आली. मंगळवारी तेच. गुरुवारपर्यंत ढेकळांचा भुगा झाला होता आणि पुढच्या सोमवारी तिथं वाट होती, थोडी वाकडी पण वाट.

आठवीतली एक मुलगी रोज सगळ्यांच्या पुढं असायची. तिला मी गाठून विचारलं, की एवढी ढेकळं असताना रस्त्यानं का जात नाही. ती हसली. म्हणाली, “काकू, आजोबांनी चुकून वाट नांगरलीय. आता वय झालंय त्यांचं. आमी सगळ्यांनी ठरवलंय, कुनी काय बोलायचं न्हाई. आमीच परत पाडतो.”

मला तिथंच रडू आलं. तिनं ओळखू नये म्हणून मी पदरानं घाम पुसायचं निमित्त केलं. घरी येऊन मामांना सांगितलं. ते पहिल्यांदा हसले, मग उठून बाहेर गेले आणि कुंपणाच्या तोंडाशी पडलेला काटा पायानं बाजूला सारला.

साहेब परत आले तेव्हा मी खरा कागद दिला. गाडीरस्त्यानं सतराशेच्या वर, शेतातल्या वाटेनं नऊशे चाळीस. खाली माझ्या अक्षरात दोन वाक्यं. ही वाट एका शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे. आणि पिकाला पाणी सोडलं की तिच्यात चिखल होतो, तेव्हा लहान मुलं तिथून जाऊ शकत नाहीत. पहिलं वाक्य मी तक्रार म्हणून लिहिलं होतं. सगळा भरवसा दुसऱ्यावर होता. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, नियमात चिखलाचा रकाना नाही, पण वर पाठवतो. नियमात काय काय नाही याची यादी करायला हवी, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

जूनमध्ये आदेश आला. आमची शाळा गावच्या शाळेला जोडली. सर दुसरीकडं गेले. जाताना त्यांनी फळा कोरडा पुसून ठेवला होता. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. ट्रॅक्टरवाले दोघं कितीतरी दिवस माझ्या घरावरून जाताना खाली बघून जायचे. त्यांना मी काय बोलणार? त्यांनी वाट साफ केली, मी ती लपवली. दोघांच्याही हातून व्हायचं ते झालं.

आता माझी लेक दुसरीत आहे. गावच्या शाळेत संगणक आहे, खेळायला मैदान आहे, तिला तीन मैत्रिणी मिळाल्यात. शाळा गेली ते चांगलं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. सकाळी ती त्या आठवीतल्या, आता नववीतल्या, मुलीचा हात धरून वाटेनं जाते.

यंदा तिथं दोन्ही बाजूंना कांदा आहे. आमच्याकडं शेतीची लाईट काही दिवस सकाळी येते आणि तास मोजूनच येते, त्यामुळं आली रे आली की सगळ्या मळ्यांतल्या मोटारी एकदम सुरू होतात. आमची सुरू होत नाही. पोरं गावच्या शाळेत पोचली असतील असा अंदाज घेऊन मामा साडेदहाला बटण दाबतात. पोरं संध्याकाळी सुटायच्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे पाणी जिरायला वेळ मिळतो. वाटेलगतच्या चार वाफ्यांना पाणी कमी पडतं, तिथला कांदा बारीक राहिलाय, लांबूनही दिसतो.

मी एकदा म्हटलं, मामा, चिखल झाला तर होऊ दे. मी तसं कागदावर लिहून दिलंय. अजूनही कुणी बघायला आलं तर त्यांना दिसेल तरी, कदाचित शाळा परत मिळेल.

ते वाफ्याच्या कडेला बसून पाण्याची दारं धरत होते, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवत. वर न बघताच म्हणाले, “शाळा मिळंल तवा मिळंल. तवर पोरीनं चिखलातनं जायचं का? त्यांनी माझी वाट बघून शाळा बंद केली ना. मग वाट कोरडी ठेवायचं काम बी माझंच हाय.”