भिंतीतला पहिला खिळा

खामगावातलं हे दोन खोल्यांचं घर मी आईच्या नावावर घेतलं. रजिस्ट्री झाली, सामान आलं, तरी आईने भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाही.

"रजिस्ट्री झाली म्हणजे झालं काय वं?" ती म्हणायची. "सरकारी उताऱ्यावर नाव चढू दे. तवरोक भिंत दुसऱ्याचीच."

आमचा जन्म भाड्याच्या घरांत गेला, आधी नांदुऱ्याला, मग इथे. घरमालक बदलले, अट तीच: भिंतीत खिळा नको. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, पिशव्या दाराच्या कडीला. दुपारी तर भांडं आपटायचीही चोरी. वर मालक झोपलेले असत. बाबा गेले तेव्हा त्यांचा फोटो लोखंडी पेटीवर भिंतीला टेकवून ठेवला. सगळा संसार त्या पेटीत. ती उघडायची झाली की आई आधी फोटो उचलायची आणि "उठा जरा" म्हणायची. बिचाऱ्या बाबांना फोटोतही निवांत बसणं नव्हतं.

नव्या घरातही बाबा पेटीवरच. मला राग यायचा. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायचं म्हणजे काय!

"काऊन एवढी भेतेस?" मी एकदा चिडून विचारलं.

"भेत नाही. त्याईले एकदा टांगलं का मंग काढायचं नाही."

 सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणत कचेरीत खेटे घालत राहिले.

शेवटी एका दुपारी उतारा मिळाला. रिक्षात मी तो छातीशी धरून बसले होते. घरी पोचताच आईने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. तिचं नाव, मध्ये बाबांचं नाव, मग आडनाव. बोट मध्येच थांबलं.

"तुमचंबी नाव आलं," ती फोटोकडे पाहून म्हणाली.

माझे डोळे भरून आले. पण तिला आता दम निघत नव्हता. खिळा तिने केव्हाचा आणून ठेवला होता. मी म्हटलं, मी ठोकते, तर नाही. स्वतः स्टुलावर चढली. मी स्टूल धरलं. तिने खिळा धरला, हातोडी उचलली आणि तशीच थांबली.

"संध्याकाळी ठोकू," ती हळूच म्हणाली. "दुपार हाय. मालक झोपले असतीन."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

"आई," मी म्हटलं, "मालकीण जागी हाय. स्टुलावर उभी हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे वळली आणि भर दुपारी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिने खिळा ठोकला.