हारलेली पोरगी खालून वर आली

काशिनाथ इंगळे अकोल्याकडच्या काळ्या मातीतला गडी. भोपाळला कारखान्यात फिटर म्हणून आला, चौतीस वर्षं नोकरी केली, नेहरू नगरात दोन खोल्या बांधल्या, पण जीभ काही बदलली नाही. बायको हिंदीत भाजी घेते. हा वऱ्हाडीतच घेतो, आणि भाजीवाला बरोबर तेच तोलून देतो.

गावाकडे काशिनाथ कुस्त्यांच्या दंगलीत पंच होता. चाळीस वर्षांखाली एका दंगलीत त्यानं घाईनं हात वर केला, तो भलत्याचाच. समोरच्या दत्तू पहिलवानाची पाठ लागलीच नव्हती, ते साऱ्या गावानं पाहिलं होतं. दत्तू भांडला नाही. "पंच म्हनते त खरं," म्हणाला आणि अंगाची माती झटकत चालता झाला. पंचानं वर केलेला हात खाली येत नसतो, म्हणून काशिनाथनंही घेतला नाही. त्यानंतर त्याला कोणत्याच गावानं पंच म्हणून बोलावलं नाही.

बोलावलं ते यंदा, मराठी मंडळाच्या सचिव शालिनीबाईंनी. बाई ग्वाल्हेरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"काशिनाथराव, मुलांना सभागृहात मारामारीचे सामने घ्यायचे आहेत. टीव्हीवर, व्हिडिओ गेमचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कोणी वडीलधारं असेल तरच परवानगी देईन म्हणाले. तुम्ही पंच होता ना?"

"होतो," काशिनाथ म्हणाला. पुढचं काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी हजर. अंगावर इस्त्रीचा सदरा, एका हातात गणपतीतला भगवा फेटा, दुसऱ्या हातात घरचा वजनकाटा. पोरं आली तशी एकेकाला काट्यावर उभं करून आकडे लिहू लागला.

"काका, ये क्या कर रहे हो?" गौरांगनं विचारलं. कॉलेजातलं पोरगं, या खेळात कॉलनीत सगळ्यात तरबेज.

"जोड्या लावू रायलो बे. तू ब्याऐंशी किलोचा, अन् हे जुई बेचाळीसची. तुह्यासंगं कशी लढन थे?"

पोरं खाली बसून हसली. जुई दहावीतली, चष्मेवाली. ती म्हणाली, "काका, इथे वजन नाही चालत. सगळं अंगठ्यावर असतं. मी याला पाडू शकते."

"सपने में," गौरांग म्हणाला.

काशिनाथनं काटा भिंतीला टेकवून ठेवला. मग पोरांनी मोठा कागद चिकटवला. सोळा नावं, वर एक घर, खाली एक घर.

"हे खालचं कायचं?"

"एकदा हारला की खालच्या घरात जायचं," गौरांगनं समजावलं. "दुसऱ्यांदा हारला की बाहेर."

"म्हंजे हारलेला घरी जात नाही?"

"नाही ना काका. त्याला और एक चान्स."

काशिनाथनं मान हलवली. पाठ लागली की लागली, एवढं त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या पाठीचा हिशेब त्यानं कधी ऐकला नव्हता.

खेळ सुरू झाला. पडद्यावर कोणी हवेत उडत होतं, कोणाच्या मुठीतून जाळ निघत होता, आणि लढणारी पोरं मात्र खुर्चीत ढिम्म. काशिनाथ आधी पडद्याकडे बघे, मग पोरांच्या तोंडाकडे, मग कागदाकडे. कोण जिंकलं ते त्याला आरडाओरड्यावरूनच कळत होतं. दुसऱ्याच फेरीत गौरांगनं जुईला पाडलं. काशिनाथनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "जाय पोरी, चिवडा खाय," म्हणाला आणि मनातून तिला काढून टाकलं.

चार वाजता अंतिम सामन्याला गौरांगसमोर जुईच बसलेली.

"काय वं, तू त हारली होती ना?"

"खालून वर आले काका."

पाचांतले तीन डाव जिंकेल तो सामना जिंकेल, असं ठरलेलं. जुईनं शेवटचा डाव मारला तशी पोरं खुर्च्यांवर चढली. काशिनाथला वाटलं, सुटलो. त्यानं जुईचा हात धरून वर केला आणि फेटा बांधून शेमलाही झोकात सोडला. शालिनीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अभी खतम नहीं हुआ!"

काशिनाथचा हात वरच राहिला.

पोरं कागदापाशी भांडू लागली. जुई एकदा हारली होती. गौरांग आत्ता पहिल्यांदा हारला. म्हणजे दोघंही बरोबरीत, अजून एक सामना हवा. काशिनाथनं दोन बोटं मोडून पाहिली, मग तीन. काही जुळेना.

"आता फेटा बांधला ना," शालिनीबाई म्हणाल्या. "जाहीर झालं ते झालं. पाच वाजता मला सभागृह भजनी मंडळाला द्यायचंय."

सगळे काशिनाथकडे बघू लागले. गौरांग खुर्चीतून उठला नव्हता. गुडघ्यावर कंट्रोलर, नजर फरशीवर.

"तू काऊन बोलत नाहीस बे?"

"आप पंच हो काका," तो म्हणाला. "आप बोलोगे वो सही."

दोन्ही घरांचा हिशेब काशिनाथला अजूनही लागलेला नव्हता. आत्ता हात खाली घेतला तर साऱ्या मंडळापुढं म्हातारा दुसऱ्यांदा चुकला. नाही घेतला तर काय होतं ते त्यानं पाहिलेलं होतं.

त्यानं जुईचा हात सोडला. "पोरी, फेटा उतरवा लागते. वाईट वाटून घेऊ नको."

"अहो उतरवा ना पटकन," जुई म्हणाली. "याच्यावर हेडफोन बसत नाहीये."

पुढचा सामना काशिनाथनं फेटा मांडीवर घेऊन पाहिला. पाहिला म्हणजे नुसता तिकडे तोंड करून बसला. आरडाओरडा झाला तरी तो उठला नाही.

"झालं काय?"

"हो काका."

"पक्कं? आता कोनी खालून वर नाही येनार?"

"नाही काका. खतम."

तो गौरांगपुढं जाऊन उभा राहिला. "तू सांग."

"हारलो काका," गौरांग हसत म्हणाला. "दोनदा. आता बाहेर."

मग काशिनाथनं फेटा पुन्हा जुईच्याच डोक्यावर बांधला.

चिवड्याची ताटली हातात देताना शालिनीबाईंनी विचारलं, "काशिनाथराव, तिलाच द्यायचा होता, तर मधे उतरवला कशाला?"

काशिनाथनं ताटलीतला एक शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. गौरांग तिकडे टीव्हीच्या तारा गुंडाळत होता.

"बाई, खरं सांगू? मले काही समजलं नाही," तो म्हणाला. "पन पुढच्या साली बोलावजा."