ओव्याचं झाड आन् नळाचं पाणी

मी सांगलीला निघाले त्या सकाळी आमच्या घरातलं कुणीच मागं ऱ्हाणार न्हवतं. दिवाळी झालेली, वडूजच्या पुढच्या आमच्या गावातनं माझं वडील, अण्णा, मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खाली निघालेले, घोडं लादलेलं, कोंबड्या डालग्यात, आन् मी रस्त्याकडंला एसटीची वाट बघत, पोटाशी बाळ बांधलेलं, ते खोकत हुतं. आमच्या ह्यांना वॉचमनचं काम लागलं हुतं, त्यांनी आधी जाऊन विश्रामबागेत खोली बघितली. आई मेंढरामागं चाललेली, ती परत वळली, दारातल्या ओव्याच्या झाडाची एक काडी मोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबली. ह्याची पानं जाड, लवदार असत्यात, भजीला घालायची, खोकल्यावर तव्यावर गरम करून रस काढायचा. म्हणाली, “आमचं काय, आज हितं उद्या तितं. तू एका जागी ऱ्हाणार. तुज्याजवळ जगंल.”

एका जागी कसं ऱ्हायचं ते मला कुठं ठावं. शाळा सातवीत सुटली, तीबी मेंढरामागं निम्मी बुडालेली. हितं दार लावलं की चार भिंती, हे ड्युटीवर, बाळ खोकलं की कुणाला हाक मारायची कळायचं न्हाई. तवा कुणास ठाऊक कसं, मनात बसलं की झाड जगलं तर लेकरू जगंल. असं काय नसतंय, आता कळतंय.

आमच्याकडं झाडाला पाणी म्हंजे भांडी धुतल्यालं, तेबी उरलं तर. हितं नळ फिरवला की पाणी. आईची काडी कुंडीत लावली, सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. थंडी वाढली, नदीकडनं धुकं यायला लागलं, पानं पिवळी पडली, तसं मी आणखी घातलं. वरच्या मालकीणबाई म्हणाल्या, “काय गं, कुंडीत मासं सोडलेत का?” मी हसले, तांब्या मागं धरला, त्या आत गेल्यावर परत वतलं.

मग बुडात काळं पडलं, बोट लावलं तर मऊ. आन् त्याच दिवशी आईचा फोन. मेंढरं तवा कुंडलच्या शिवारात खतासाठी बसवलेली. म्हणाली, गावाकडं कोणतरी जाऊन आलं, दारातलं झाड पार वाळून गेलं, पाणी घालाय कोण न्हाई. “तुजं हाय न्हवं?”

म्हणलं, हाय, पण बुडात काळं पडलंय.

“पाणी किती घालतीस?”

“रोज. दोनदा.”

“अगं येडे, थंडीत झाड निजतंय. निजल्याल्या लेकराच्या तोंडात दूध वततीस व्हय?”

वततच हुते मी. बाळ जास्त येळ निजलं की भ्यायचे, हलवून उठवायचे, छातीला लावायचे. ते काय आईला बोलले न्हाई.

ती सांगंल तसं केलं. शेंड्याकडचा चांगला तुकडा मोडला, लगेच लावला न्हाई, सावलीत ठिवून मोडल्याली जागा सुकू दिली. कुंडीतला चिखल टाकला, बुडाला भोकं पाडली, वाळू मिसळल्याली माती भरून तुकडा लावला. दिवसा उन्हाच्या भिंतीला, दव पडायच्या आत घरात, पाळण्याजवळ. माती बोटाला कोरडी लागली तरच वाटीभर पाणी, तेबी सकाळच्या पारी. थंडी सरंपतूर पान तोडायचं न्हाई. करायला काय नसलं की लय अवघड जातंय. तांब्या उचलायचे, परत ठिवायचे. बाळ निजलं की नुसती बघत बसायचे, पोट वरखाली हुतंय का ते.

थंडी मोडत आली तवा आई कुंडलवरनं एसटीनं आली. आधी कुंडीत बोट घातलं. “कोरडी हाय,” म्हणाली, आन् मग बाळाला घेतलं. त्याचा खोकला कवाच गेलेला. झाडाला बारीक दोन फुटवं आल्यालं. जाताना तिनं एक काडी मागितली, गावाकडच्या दारात लावाय. मी मोडून दिली, फडकं भिजवाय उठले तर म्हणाली, “आण हिकडं, मी भिजवते. तुजा भरवसा न्हाई.”

गावाकडं ऱ्हात्यात त्यांनी आन् माझ्यासारख्या निघून आल्यात त्यांनीबी, घर कुठंय इचारलं तर काय सांगायचं ते तुमीच सांगा, मला अजून जमत न्हाई. आमच्या घराला दर दिवाळीनंतर कुलूप. मी आईला म्हणलं, पुढच्या थंडीत तुमी परत निघाल, ही काडीबी वाळंल की.

ती पिशवी काखंला मारत म्हणाली, “वाळली तर वाळली. परत न्यायला येते. तू हाईस की हितं.”