बाबा, जावई आणि जीपचा शाफ्ट

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, सरकारी ऑफिसात लागले, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. कमावलेलं लपवायचं कशाला? पण लालबागच्या ज्या खोलीत मी हे कमावलं, त्याच खोलीच्या दाराशी मी एका माणसावर जळून खाक व्हायची. तो माणूस म्हणजे माझा नवरा.

बाबा मिलमध्ये फिटर होते. संप झाला, लांबला, आणि तो संपला असं कुणी येऊन सांगितलंच नाही. मिल उघडली नाही, एवढंच. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. बोलणं आटलं. लग्नानंतर मी ऑफिसातून परस्पर माहेरी जायची, तर मला पाहून ते खुर्चीवरून उठायचे. "बस बाय," म्हणायचे आणि स्वतः कठड्याला टेकून उभे राहायचे. मी ऑफिसातल्या गमती सांगायची, पेपरातलं सांगायची. "असां?" एवढंच उत्तर. हेच बाबा पूर्वी माझ्यावर असे ओरडायचे की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायची. पदवी मिळाली आणि मी घरातली पाहुणी झाले.

नवरा माझगावचा, गोदीतल्या एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचा. त्याने मित्राबरोबर लिलावातली जुनी जीप घेतली. कोकणात गावी न्यायची, नदीच्या पात्रातून घालायची, अशी स्वप्नं. पण जीप निघाली की मागून खटखट वाजे आणि वेग धरला की सगळं बूड हादरे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा असतो, शाफ्ट, त्याचे सांधे झिजले होते. मला न सांगता त्याने तो शाफ्ट उतरवला, गोणपाटात गुंडाळला आणि एका रविवारी खांद्यावर टाकून थेट लालबागला नेला. मी मागोमाग.

"ह्यां काय?" बाबांनी विचारलं.

"शाफ्ट, मामा. जीपचा. क्रॉस गेलेत म्हणतात."

बाबांनी सांधा हातात धरून हलवला. आतला लोखंडी क्रॉस खुळखुळला. "गेलेत कसले, मेलेत," ते म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यासाठी मी काय काय केलं होतं. आणि ह्याने नुसतं भंगार आणून पुढ्यात टाकलं.

आमच्यात जावयाला अहोजाहो करतात. वयाने लहान असला तरी पाट मांडतात, पाणी हातात देतात. आईने चहाबरोबर शंकरपाळ्याची बशी भरली, तर जावई चाळीच्या चौकात जमिनीवर बसलेला, हात कोपरापर्यंत काळे. पुढच्या रविवारी नवे क्रॉस आले आणि बाबांचं अहोजाहो कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"धर रे. घट्ट धर. बाळंतिणीचं पोर धरलंयस काय?"

नवरा आपला खुशीत हसतोय. मी पदर खोचला. "मी धरते, बाबा."

"नको बाय. हात खराब होतील. तू वर आईशी बोल जा."

ह्याच हातांनी मी माझगावला रोज भांडी घासत होते. मी वर गेले नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

शाफ्टचे दोन तुकडे असतात, एक दुसऱ्यात सरकतो. ते वेगळे करण्याआधी बाबांनी चंचीतला चुना बोटावर घेऊन दोन्ही तुकड्यांवर एक रेघ ओढली होती. मिलमध्ये त्यांची हीच रीत. जोडताना रेघ रेघेला मिळाली पाहिजे. बाबा नवे क्रॉस खोक्यातून काढून बघत होते, तोवर नवऱ्याने उत्साहाने दोन्ही तुकडे रॉकेलने घासूनपुसून काढले.

"मामा, बघा. आरसा केलाय."

"खूण खंय गेली?"

"कसली खूण?"

"मेल्या, चुना पुसलंस? तो काय सासऱ्याने तुला खायला लावला होता?"

"सासरे तुम्हीच, मामा."

चौकात कपडे वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. बाबाही हसले. शिवी खाल्ली ह्याने, आणि जळले मी. मला कुणी वर्षानुवर्षं मेली म्हटलं नव्हतं.

दांडा दोन तऱ्हांनी बसत होता. उलटा बसला की पुन्हा हादरे. बाबा कधी इकडून बघत, कधी तिकडून.

"ग्रीस भरायचं बोंड आहे ना, त्याच्या वर होती रेघ," मी पायरीवरून म्हटलं. "आणि दुसऱ्या तुकड्यावर पोचा आलाय, त्याच्या शेजारी."

बाबांनी तिथल्या खाचेत नख घातलं. नखाला पांढरं लागलं. ते नख त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. "बघ. ह्याला म्हणतात लक्ष. शीक काहीतरी."

म्हणजे कौतुक माझं, आणि सांगितलं त्याला. मी वर गेले आणि आईची घासलेली भांडी पुन्हा घासली.

शाफ्ट चढवल्यावर बाबा माझगावला आले. घरात पाणीही न घेता सरळ जीपकडे गेले. "हादरा मागे कळतो. मागे कोण बसतंय?" नवरा मित्राला हाक मारणार, इतक्यात मी चढले. ऑफिसची साडी होती. असू दे.

गोदीच्या भिंतीकडेने नवऱ्याने जीप पळवली. बाबा पुढच्या सीटवरून अख्खे मागे वळले.

"बाय, हादरता काय?"

मी तळहात खालच्या पत्र्यावर टेकवला. पत्रा शांत होता. काम चोख झालं होतं. पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझं उत्तर येईपर्यंत त्यांना दुसरं काही बघायचं नव्हतं. नवऱ्याकडे त्यांची पाठ होती.

"नीट कळलं नाही," मी म्हटलं. "अजून एक फेरी मारा."

"वळव रे," बाबा त्याला म्हणाले, आणि माझ्याकडे तोंड करून तसेच बसून राहिले.